बाबांच्या शर्टावरचा गोल डाग

मी एक जुनी रिंग आहे. बोटातली नव्हे, भरतकामाची. हे आधीच सांगून टाकते, कारण परवाच एका गिऱ्हाइकाच्या मुलीने मला मुकुट समजून डोक्यावर चढवलं आणि मला ते निमूट सोसावं लागलं. मित्रांनो, मी म्हणजे एकात एक बसणाऱ्या लाकडाच्या दोन गोल पट्ट्या. मधे कापड घालायचं, वरचा पितळी स्क्रू पिळायचा, की सुरकुतीची काय बिशाद कापडावर राहायची!

एका सुताराने मला वाफेवर धरून वाकवलं. तेव्हा मी खूप कुरकुरले. अजूनही कुरकुरते, माझा स्वभावच तो. तिथून मी ताईकडे आले. ताई शिलाईचं काम करते. जिन्याखालची एवढीशी खोली, त्यात मशीन, इस्त्री, दोऱ्याच्या लड्या आणि एक स्टूल. आम्ही दोघींनी किती झबली, किती उशांचे अभ्रे, किती कॉलर भरल्या, त्याला गणती नाही. लोक म्हणायचे, “काय सफाई आहे हो तुमच्या हातात!” माझं नाव कधी कुणी घेतलं नाही. जाऊ द्या.

ताईची शिस्त मात्र कडक. संध्याकाळ झाली की स्क्रू सैल करायचा आणि कापड काढून ठेवायचं. कारण रात्रभर ते माझ्यात आवळलेलं राहिलं तर त्यावर गोल वळ उठतो, आणि महिनोन्‌महिने राहिलं तर तो कायमचा बसतो. शिकायला येणाऱ्या मुलींना ती हे पहिल्याच दिवशी बजावायची.

ताईला एक धाकटा भाऊ आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो, डोक्यावर केस म्हणायला चारच उरलेत, पण ताईसाठी तो अजून ‘छोट्या’च. त्यांचे बाबा गेले तेव्हा तो रांगत होता, त्यामुळे त्याला बाबा मुळीच आठवत नाहीत. ताई तेव्हा शाळेत जायला लागली होती. म्हणजे तिला ते आठवत असणार, असं सगळ्या घराने धरून चाललेलं. बाबांचा विषय निघाला की छोट्या उठून पाणी प्यायला जायचा. तहान बिहान काही लागलेली नसायची.

बाबांचा एक निळा शर्ट तेवढा उरला होता, छोट्याच्या कपाटात. ताईच्या मनात आलं, या शर्टाच्या कापडावर एक लहानसं चित्र भरावं आणि छोट्यालाच द्यावं. चित्र एका दुपारचं. बाबा अंगणात पत्र्याच्या टबात तान्ह्या छोट्याला अंघोळ घालताहेत आणि ताई जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघते आहे. आपली आठवण आपण एकटीनेच का सांभाळायची, त्यालाही वाटा मिळू दे, असं तिला फार वाटत होतं.

शर्टाला कात्री लावायची म्हटल्यावर छोट्याचा चेहरा उतरला. पण काही दिवसांनी तो शर्ट नीट घडी घालून घेऊन आला.

“ताई, जपून गं. दुसरा नाहीये,” एवढंच म्हणाला.

ताईने काम सुरू केलं. अंगण झालं, टब झाला, बाजूला बसलेले बाबा झाले. राहिला चेहरा. आणि तिथे घोडं अडलं. ती नाक-डोळे भरायची, लांब धरून बघायची आणि उसवायची. पुन्हा भरायची, पुन्हा उसवायची. भिंतीवर बाबांचा एक फोटो होता, पण त्यात ते कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसलेले. बाळाला अंघोळ घालताना माणूस असा दिसतो होय? शेवटी ताईने मला कापडासकट दारामागच्या खिळ्याला अडकवलं आणि त्या खिळ्याकडे बघणंच सोडून दिलं.

स्क्रू सैल केला नाही, मित्रांनो! मुलींना शिकवणारी ती हीच. मी तिथे लटकल्या लटकल्या मनातल्या मनात ओरडत होते, पण लाकडाचं कोण ऐकतो? हवा दमट झाली, माझ्या पितळेवर हिरवट थर चढला आणि लाकडाचा रंग कापडात उतरला.

छोट्याचा फोन आला, रविवारी येतो म्हणून. ताईने मला खाली काढलं, स्क्रू सैल करून कापड सोडवलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. निळ्या कापडावर गोल तपकिरी डाग. साबण झाला, लिंबू झालं, ऊन झालं. डाग ढिम्म हलला नाही. ताई स्टुलावर बसून रडली. इतकी वर्षं लोकांचे कपडे जपले आणि घरचा एकच होता तो घालवला, असं स्वतःशीच म्हणत राहिली. मला तिचा राग आला होता, पण माया त्याहून जास्त आली.

मग डोळे पुसून ती उठली आणि उभ्यानेच टेबलावरच्या कापडाकडे बघत राहिली. पायरीवरून टब असाच तर दिसायचा, गोल! ती त्या दुपारी वर उभी होती. वरून बाबांचा चेहरा तिला दिसलाच नव्हता. दिसले होते ते हात.

तिने सगळं उसवलं. डागावरून करड्या दोऱ्याचा साखळी टाका घातला, ती टबाची कड झाली. आत धावदोऱ्याचं पाणी आणि पाण्यात एक गुटगुटीत बाळ. बाह्या वर सारलेले दोन हात, एक बाळाच्या मानेखाली, दुसऱ्यात तांब्या. सुई चालता चालता तिला आठवलं, की डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, दारात चेंगरून. तेही तिने भरलं.

रविवारी छोट्या आला. चित्र हातात घेऊन किती तरी वेळ बघत बसला.

“हा मी?”

“तूच.”

“आणि बाबांचा चेहरा?”

ताईने त्या काळ्या नखावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मला नाही रे आठवत. फोटोतला आठवतो, खरा नाही. हात तेवढे आठवतात.”

छोट्याने मान खाली घातली. “मला कायम वाटायचं, सगळेच्या सगळे बाबा तुझ्याकडे आहेत आणि माझ्याकडे काहीच नाही.”

“एवढेच आहेत,” ताई म्हणाली. “आता ते दोघांचे.”

मग त्याने विचारलं, पाणी गरम होतं का? मी रडत होतो का? काळ्या नखाचं बाबांना दुखत नव्हतं? ताई आठवेल तेवढं सांगत गेली, न आठवेल तिथे आठवत नाही म्हणाली. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी दोघं बोलतच होते.

ते चित्र आता छोट्याच्या घरी असतं. मी इथेच आहे, झबली भरते आहे, कुरकुरते आहे. पण मित्रांनो, जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणी उशिरा जन्माला आलेलं असेल, ज्याच्या वाट्याला एखादं माणूस आलंच नाही. त्याला सांगण्यासाठी सगळं नीट आठवायची वाट बघत बसू नका. तुम्हाला नुसते हात आठवत असतील, तर ते हातच त्याला द्या.