डबी कोणी उघडायची

माझं काहीही दुखत नाही. बोटं सरळ आहेत, गुडघे ठणठणीत आहेत, शेअर रिक्षा मिळाली नाही तर टेमघरहून धामणकर नाक्यापर्यंत मी चालत जाते. आईला दाखवायला घेऊन गेले, तेव्हा डॉक्टर बाईंनी माझंही रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "रुचिका, आईच्या संधिवाताच्या अँटीबॉडीज तुझ्याही रक्तात आहेत. भरपूर. आजार अजून झालेला नाही, होईलच असंही नाही, पण शक्यता मोठी आहे. सकाळी बोटं आखडायला लागली की लगेच यायचं. आणि हिरड्या बघ किती सुजल्यात. तंबाखूने हा आजार ओढवायला मदतच होते. तंबाखू बंद."

"मी तंबाखू खात नाही," मी तावातावाने म्हणाले.

"मशेरी?"

एम.कॉम. झालेली, गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मी. सकाळी मशेरी लावल्याशिवाय माझं पोट साफ होत नाही. आमच्याकडच्या बायकांना तो तंबाखू वाटतच नाही, दात घासणं वाटतं.

घरी सांगितलं तर बाबा टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले, "दुखत न्हाय त आजार कसला? डॉक्टरांचे धंदे." माझा नुसता संताप झाला. आईची बोटं सुजायला लागली तेव्हाही हेच तोंड म्हणालं होतं, "कामाचा कंटाला आलाय तिला." बोटं वाकडी झाली, मग दवाखाना आठवला.

मी मशेरी सोडली. डोकं भणभणायला लागलं, ऑफिसात शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांवर खेकसले. तेही सोसलं असतं. पण आईला तिची मशेरीची डबी उघडता येत नाही. पत्र्याची डबी, घट्ट झाकण. रोज सकाळी ती डबी माझ्यापुढे धरते, मी उघडते, आणि तो भाजल्याचा खरपूस वास सरळ नाकात शिरतो.

आज मी हात मागे घेतला. "मी नाही उघडणार! तूही सोड. मला तुझ्यासारखं वाकडं व्हायचं नाहीये!"

बोलून गेले. आईने डबी दातात धरून बघितली. झाकण हललं नाही.

"माजी बोटा वाकरी झाली ती झाली," ती म्हणाली. "तुजा रगत आधी बगितला. माजा कोनी बगितला गो? मना कोनी सांगतला असता त मी पन तवाच सोरली असती."

मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. तेवढ्यात बाबा खुर्चीतून ओरडले, "उघर ना गो ती डबी! सकाली सकाली कटकट. आनि तुजे पन हात गेले त घरातला करनार कोन?"

म्हणजे काळजी काय ती एवढीच. मी आईच्या हातातली डबी घेतली आणि बाबांच्या मांडीवर आपटली. "आजपासून आईची डबी तुम्ही उघडायची. ती म्हणेल तेव्हा. तिच्या गोळ्यांचं पाकीट, तिच्या पोलक्याचे हूक, सगळं तुम्ही."

बाबांनी टीव्ही बंद केला. डबी हातात घेऊन उलटसुलट फिरवली, नखाने तळ खरवडला. मग इतकी वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कमले, हिचा झाकन कंच्या बाजूला?"