घरून आणलेली बाटली

"शून्य म्हणजे काय?" जिमवाल्याने विचारलं, आणि उत्तर नीट ऐकू यावं म्हणून मोजणीकाकांची कॉलर धरून त्यांना काउंटरवरून अर्धं आपल्या बाजूला ओढून घेतलं.

"शून्य म्हणजे एकही नाही," काका म्हणाले. पाय जमिनीला टेकत नसताना यापेक्षा सविस्तर सांगणं अवघड होतं.

काका त्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं वीर्याची तपासणी करत होते. काम काय ते उघड बोलायला लोक लाजत, म्हणून त्यांना मोजणीकाका म्हणत, जणू ते शेतजमिनी मोजतात. चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवायचा, एक डोळा मायक्रोस्कोपला लावायचा आणि दिसेल त्या प्रत्येक शुक्राणूसाठी हातातल्या काउंटरचं बटण दाबायचं. टिक, टिक, टिक. शून्य लिहिण्याआधी ते नमुना यंत्रात गरगर फिरवत, तळाला जे बसेल त्याचाही थेंब बघत, आणि तरीही खाली लिहीत, 'काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.' शून्य हा आकडा ते सहजासहजी कुणाला देत नसत.

इतक्या वर्षांत त्यांची काही मतं झाली होती आणि ती पुस्तकांशीही जुळत होती. आकड्याचा मिशीशी संबंध नसतो. आवाजाशी नसतो, छातीच्या मापाशी तर नसतोच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कमी असतं. तपासायला मात्र आधी बाई येते, आणि बहुतेकदा एकटी. पौरुष आणि शुक्राणू ही दोन वेगळी खाती आहेत, एकाची फाइल दुसऱ्याकडे जात नाही, असं काका म्हणत. अर्थात, मनात.

या प्रकरणाची सुरुवात तीन महिन्यांपूर्वी झाली होती. जिमवाल्याची आई रुमालात गुंडाळलेली बाटली घेऊन आली. 'नमुना येथेच द्यावा, घरून आणलेला स्वीकारला जाणार नाही' ही पाटी तिच्या डोक्यावरच होती. पाटीवरचं अक्षर काकांचं.

"मुलगा दिवसभर जिममध्ये असतो हो. शिवाय लाजतो," ती म्हणाली होती. "घ्या ना, तुम्ही मला भावासारखे."

भावासारखे म्हटल्यावर काकांनी बाटली घेतली. आकडा उत्तम आला. काउंटर दाबून अंगठा दुखला. रिपोर्टवर त्यांनी 'सर्व काही सामान्य' असं लिहिलं आणि आपल्या सुरेख सहीने तो घरी पाठवला.

त्या कागदाने घरात पुढे काय काम केलं, ते त्यांना आठ दिवसांपूर्वी कळलं. जिमवाल्याची बायको लॅबमध्ये स्वतःचं रक्त द्यायला आली, तेव्हा तिचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"काय झालं?"

"जिन्यावरून पडले."

काकांनी फॉर्म बघितला. पत्त्यात 'तळमजला' होतं. त्यांनी तिच्या उजव्या दंडाला पट्टा बांधला.

सुई टोचताना तीच म्हणाली, "काका, रिपोर्ट चुकतो का हो कधी?"

"माझा नाही चुकत."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "हे तो रिपोर्ट भिंतीला चिकटवून मला मारतात. म्हणतात, वाच. मी वाचते, मग पुन्हा मारतात."

ती गेल्यावर काकांनी रजिस्टर उघडलं. त्या नोंदीपुढे त्यांच्याच हाताने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'घरून'. त्यांनी लॅबच्या मालकीण मॅडमकडून निरोप धाडला की तपासणी पुन्हा करावी लागेल, आणि या वेळी इथेच, आतल्या खोलीत.

आज सकाळी जिमवाला आई आणि बायकोला घेऊन आला होता. दहा मिनिटांत आतून बाहेर आला आणि बक्षिसाचा कप द्यावा तशी बाटली काकांच्या हातात दिली. दुपारी काकांनी शून्य लिहिलं. आता ते त्या शून्यासकट काउंटरवर लोंबकळत होते.

"अहो, आधीचा तर चांगला आला होता," सासूबाई मागून म्हणाल्या. "यांचं यंत्र बिघडलंय रे. सोड त्याला, म्हातारा मरेल."

जिमवाल्याने सोडलं. काकांनी कॉलर सरळ केली. "ताई, आधीची बाटली कुणाची होती?"

"धाकट्याची," सासूबाई सहज म्हणाल्या. "याला वेळ कुठे असतो? आणि घरातलीच होती ना? दोघं एकाच पोटचे. रक्त एकच."

बाकावर बसलेली सून आपल्या प्लास्टरकडे बघत होती. तिने मान वर केली.

"म्हणजे भाऊजींच्या रिपोर्टवर मी मार खाल्ला?"

जिमवाला वळला आणि त्याने तिच्या तोंडावर मारलं. उघड्या हाताने, पण त्या हाताला रोज वजनं उचलायची सवय होती. तिचं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. वाट बघत बसलेल्या तीन माणसांनी आपापले मोबाइल अधिक लक्ष देऊन वाचायला घेतले.

काका काउंटरचं दार उघडून बाहेर आले. आपण बाहेर का आलो हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. त्यांच्याजवळ माहिती होती, तीच त्यांनी पुढे केली.

"दंडासाठी इंजेक्शनं घेता ना तुम्ही? ती बंद करा. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर आतला कारखाना बंद करतं. दंड फुगतो, खाली टाळं लागतं. डॉक्टरांना दाखवा, काही महिन्यांनी पुन्हा सुरू होऊ शकतं. यात बाईंचा काही…"

ठोसा डाव्या डोळ्यावर बसला. चष्म्याची काच गालात शिरली. ते पडल्यावर जिमवाल्याने बरगडीत लाथ घातली, मग काउंटरवरून हात फिरवून मायक्रोस्कोप खाली पाडला, आणि त्याच्यावरही एक लाथ घातली. वॉचमन धावत आला. त्याने मागून मिठी मारली, तेव्हा मोबाइलवाल्यांपैकी दोघांना धीर आला आणि त्यांनी एकेक दंड पकडला. दंड त्यांच्या दोन्ही हातांत मावत नव्हता.

मॅडम केबिनमधून आल्या. त्यांनी एका नजरेत नुकसान बघितलं आणि काकांच्या कानाशी वाकल्या.

"काका, 'नमुना खराब' लिहून टाका. हा रिपोर्ट रद्द. विषय संपवा."

विषय खरंच संपला असता. शून्य रद्द झालं की भिंतीवर जुनाच कागद राहणार, आणि बाई त्याच भिंतीपाशी परत जाणार. काकांनी बाकाकडे बघितलं. तिच्या ओठातून रक्त येत होतं. ती रडत नव्हती. काका काय लिहितात ते बघत होती.

काकांना शून्याची एक जुनी ओळख होती. नोकरीला लागल्याच्या दुसऱ्या महिन्यात, लॅबमध्ये कुणी नसताना, त्यांनी स्वतःचा थेंब काचेवर ठेवला होता. काउंटर एकदाही वाजला नाही. त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी बघितलं, बाटली धुतली आणि रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं नाही. घरी आई त्यांच्या बायकोला वांझ म्हणायची. एके दिवशी आईने तापलेलं उलथनं तिच्या पाठीवर टेकवलं. काका तेव्हा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं होतं.

ते उठून खुर्चीवर बसले. उजव्या डोळ्याने जमेल तसं लिहिलं: 'तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट या गृहस्थांचा नाही. नमुना घरून आलेला होता व तो नियम मोडून मी स्वीकारला. चूक माझी. आजचा आकडा शून्य, तपासणी माझ्यासमोर.' खाली सही केली. गालावरचा एक थेंब सहीवर पडला, तो त्यांनी टिपून घेतला.

"काका, उद्यापासून येऊ नका," मॅडम हळूच म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले आणि कागद बाईला दिला.

तिने उजव्या हाताने आणि दातांनी त्याची लांबट घडी केली आणि प्लास्टर व कातडी यांच्यामध्ये आत आत सरकवली. "पर्स बघतात ते," ती म्हणाली. "इथे नाही बघत." सासूबाई लेकाला सोडवण्यात गुंतल्या होत्या. ती त्यांच्या बाजूने दारापर्यंत गेली. वॉचमनने विचारलं, रिक्षा कुठे सांगू? तिने बहिणीचा पत्ता सांगितला.

काकांनी काचा गोळा केल्या. मग लॅबचा आणखी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर जुन्या तारखेचा एक रिपोर्ट लिहिला. अठ्ठावीस वर्षं झाली तरी मजकूर पाठ होता.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कुणी मारलं?"

"एका रिपोर्टवरून झालं."

"खोटा दिलात?"

"नाही, खरा."

"मग बसा. शेकते."

तिने गॅसवर तवा ठेवला, फडक्याची घडी केली. काकांनी खिशातला कागद काढून ओट्यावर ठेवला. तिने तो हात लांब करून वाचला. नाव वाचलं, आकडा वाचला. तारखेवर मात्र बराच वेळ थांबली. ओठ हलत होते. ती वर्षं मोजत होती.

"उलथन्याच्या आधीची तारीख आहे," ती म्हणाली.

"हो."

तिने कागद पुन्हा घडी करून डब्याखाली ठेवला. तवा चांगलाच तापला होता. तिने फडकं त्यावर दाबून धरलं. नेहमी धरायची त्यापेक्षा जास्त वेळ.

"चष्मा कुठे?"

"फुटला."

तिने फडकं त्यांच्या गालावर ठेवलं आणि तळहाताने दाबलं. कातडीला चटका बसल्याचं दोघांनाही कळलं. तिने हात काढला नाही, आणि काकांनी तोंड फिरवलं नाही.