लघुग्रहासाठी घासलेला ड्रिल

मित्रांनो, मी एक जुना ड्रिल आहे. जुना तो नुसता वयाने. अंगावर अजून एकही ओरखडा नाही, आणि हेच माझं दुःख आहे.

माझा जन्म जपानमधल्या हिगाशी-ओसाका शहरातल्या एका अरुंद गल्लीतला. इसाबुरोसान आणि त्यांची बायको मात्सुए, अशा दोघांचाच कारखाना. एके दिवशी किरिशिमा नावाचा तरुण इंजिनियर आला. "आकाशात लघुग्रह फिरतात, काका. त्यांच्या पोटात प्लॅटिनम आहे. ते काढायला ड्रिल हवाय," तो म्हणाला. म्हाताऱ्याने हातातली सगळी कामं बाजूला सारली आणि अकरा महिने मला घासलं. माझी धार पाहून किरिशिमाने कमरेत वाकून नमस्कार केला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग परीक्षा झाली. लघुग्रहावर वजन जवळजवळ नसतंच, म्हणून मला यंत्रासकट लांब दोरांनी हवेत टांगलं. मी गरगरत दगडाला टेकलो आणि मीच मागे ढकलला गेलो. पुन्हा टेकलो, पुन्हा तेच.

"जरा खांदा लावून दाब की," इसाबुरोसान म्हणाले.

"पाय रोवायला जमीन कुठंय तिथं, काका?"

यंत्राला पंजे बसवले. पण असे कित्येक लघुग्रह म्हणजे खडीचा सैल ढीग. पंज्यात खडी आली, आधार आला नाही. इसाबुरोसानांची चाळीस वर्षांची विद्या त्यांच्या उजव्या खांद्यात होती. त्या दिवशी ते तोच खांदा चोळत घरी परतले.

वसंतात किरिशिमा आला तो मान खाली घालूनच. पैसे लावणाऱ्यांनी हात काढून घेतला होता.

"मूठभर आणलं तर खर्च निघत नाही. ढिगाने आणलं तर बाजारात भाव कोसळतो."

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," मात्सुएबाई फणकारल्या. "हे आधी नाही सुचलं?"

"सुचलं होतं. वाटलं, निघेल काहीतरी वाट."

तोवर जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. हिवाळ्यात कारखाना बंद करायचं ठरलं.

आमच्याकडे फेब्रुवारीत झिजलेल्या सुया देवळात नेऊन मऊ तोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरात, टोचतात. जन्मभर कठीण काम केलं, आता मऊ जागी विसावा घ्या म्हणून. इसाबुरोसान आपले मोडके ड्रिलही न्यायचे. या शेवटच्या खेपेला मात्सुएबाईंनी टोपलीत मलाही ठेवलं. इसाबुरोसानांनी मला बाहेर काढलं.

"असू द्या की हो त्यालाही."

"हा कुठं थकलाय? विसावा थकलेल्याला असतो," ते म्हणाले. त्यांनी मला तेलकट फडक्यात गुंडाळलं आणि खण बंद केला.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवतात, ते खरंच आहे. पण मला जपू नका. कधी तुमच्या हाती लागलो तर एखाद्या फळीत, भिंतीत, कशातही चालवा. माझी धार गेली तरी चालेल. मला एकदा थकायचं आहे.