मन्मथप्पांची शिफारस

ते २०२४ साल. मार्चचा दुसरा आठवडा. नांदेडच्या घरात सरोजिनीबाई कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवत होत्या आणि लातूरहून मन्मथप्पांचा फोन आला.

“बाई, तुमचं काम झालं बघा. दिल्लीहून एका पोरीचा फोन आलता. अपूर्वाच्या त्या अमेरिकेच्या कालेजाकडून. इचारत होती, शिफारसपत्र तुमीच लिवलं का म्हणून.”

“मग?”

“मग काय? खरं ते सांगितलं. म्हनलं, मला एवढं इंग्रजी आलं असतं तर दाळ कशाला भरडत बसलो असतो? लिवलं तिच्या आत्यानं, सही तेवढी माजी. लई हासली. शुक्रिया म्हनली.”

बाईंचा ढवळणारा हात थांबला. “बरं केलंत,” असं काहीतरी पुटपुटून त्यांनी फोन ठेवला. चीक खाली लागल्याचा वास घरभर झाला तरी गॅस बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं लघुलेखकाची नोकरी केली. साहेब केबिनमधून एवढंच सांगत, “बाई, जरा कडक लिहा,” नाहीतर, “जरा नरमाईनं घ्या.” बाकी सगळं बाईंचं. अकरा साहेबांचे खुलासे, अभिनंदनं, शोकसंदेश त्यांनी लिहिले. एका साहेबांचा राजीनामासुद्धा. लिहिणारा एक आणि सही करणारा दुसरा, ही कामाची रीत होती. त्यात खोटं काही असतं, असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही.

अपूर्वा त्यांच्या भावाची मुलगी. इंजिनियर झाली आणि पुण्याला न जाता लातूरला मन्मथप्पांच्या डाळमिलमध्ये लागली. चार वर्षांनी तिनं अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या बिझनेस स्कूलचा अर्ज भरला. मालकाचं शिफारसपत्र लागत होतं. मन्मथप्पा म्हणाले, “तुमीच लिवा बाई, मी सही ठोकतो.”

अपूर्वा कचरली होती. “आत्या, त्यांनी स्वतः लिहायचं असतं गं.”

“साहेब लोक कधी स्वतः लिहितात का? तू मला शिकव आता.”

“मला तशीही आशा नाहीच म्हणा. आपल्याकडचे इंजिनियर तिथं पोत्यानं अर्ज करतात, घेतात मूठभर. त्यात मी लातूरच्या डाळमिलची.”

बाईंनी तीन पानं लिहिली. मन्मथप्पांनी सही केली, आणि ‘हे पत्र मी स्वतः लिहिले आहे’ या ओळीपुढच्या चौकोनात मिलच्या कारकुनानं खूण केली.

आणि आशा नसताना प्रवेश मिळाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. खाली बारीक अक्षरात अट होती, कागदपत्रांची पडताळणी बाकी आहे.

मन्मथप्पांच्या फोननंतर पाचव्या दिवशी प्रवेश रद्द झाला. अपूर्वा लातूरहून बसनं आली, चप्पल काढली, पाणी प्यायली आणि फोन आत्यापुढे धरला. बाईंनी दोनदा वाचलं. इतकं सभ्य आणि इतकं कडक पत्र त्यांना स्वतःलाही लिहिता आलं नसतं.

“मी लिहिते त्यांना. चूक माझी आहे, मुलीची नाही. समजावून लिहिते.”

“तू नको लिहूस आता, आत्या.”

ती रागावून बोलली नव्हती. बाईंनी उचललेलं पेन पुन्हा खाली ठेवलं.

दोन दिवसांनी मन्मथप्पा स्वतःच नांदेडला आले. बसले नाहीत. खिशातून वहीचा फाडलेला कागद काढला.

“पोरीचं माझ्यापायी वाटोळं झालं म्हनतेत. मला ते कळलंच न्हाई, बाई. हे मी लिवलंय, माझ्या हातानं. याचं तेवढं इंग्रजी करा.”

बाईंनी चष्मा लावला.

‘अपूर्वा चार वर्षं माझ्या मिलमधी हाय. पहिल्याच हंगामात तिनं मला दाखवलं की माझा काटा शेतकऱ्याच्या मालात क्विंटलमागं दीड किलो मारतो. मी म्हनलं, गप बस. ती बसली न्हाई. मी काटा बदलला. माझा सख्खा भाऊ माझ्याशी सहा महिने बोलला न्हाई. आता हंगामाला पहिल्या गाड्या माझ्या दारात येतात. माझं वय एकसष्ट. धंदा मी या पोरीकडून शिकलो.’

बाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. त्यांच्या तीन पानांत कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ असे शब्द होते. बदली होऊन जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला त्यांनी तेच दिले होते. काट्याची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. त्यांनी मन्मथप्पांना विचारलंच नव्हतं.

“हे तुम्ही आधी का नाही बोललात?”

“तुमी कुठं इचारलं? म्हनलं, बाईंना जादा कळतंय.”

त्या चार ओळींचं इंग्रजी करायला बाईंना सबंध दुपार लागली. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. मन्मथप्पांच्या नावानं ते गेलं आणि उत्तर दोन ओळींचं आलं. निर्णय अंतिम आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

अपूर्वानं पुन्हा कुठं अर्ज केला नाही. ती हैदराबादला एका मसाल्यांच्या कंपनीत आहे. पगार बरा आहे, फोन सणासुदीला येतो. मन्मथप्पांना पुढच्या हंगामाआधीच अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळतं. मिल भाऊ बघतो, आणि अपूर्वाच्या जागी त्यानं कुणाला घेतलेलं नाही.

सरोजिनीबाई नांदेडलाच आहेत. कॉलनीतलं कुणी अजूनही मसुदा मागायला येतं. बाई त्याला टेबलाशी बसवतात, पुढं कोरा कागद आणि पेन ठेवतात, “तुमच्या मनात काय आहे ते लिहा,” म्हणतात आणि चहा टाकायला आत जातात. मुद्दाम वेळ लावतात. परत येतात तेव्हा कागद बहुधा कोराच असतो. माणूस चहा पितो, जरासा अवघडतो आणि उठतो. बाई कागद पुन्हा टेबलाच्या खणात सरकवतात.