फुकटची चावी

मित्रांनो, जुना संगणक म्हणतात तो मीच. यवतमाळच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. पंखा एकाचा, पडदा दुसऱ्याचा, असा मी बारा गावचा. नेरला बसस्टँडमागे प्रभावतीताईंच्या केंद्रात आलो आणि नऊ वर्षं लोकांचे फॉर्म भरले. सातबारा, दाखले, पीकविमा, काय काय म्हणून पोटात ठेवलं नाही! लोक म्हणायचे, ताईचं यंत्र लई गुणाचं. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्यातला एक कागद लालीबाईंचा. तांड्यावरची ही आजी नात निकिताला नर्स करायला निघाली होती. त्यासाठी जातीचा पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे निकिताच्या पणजोबांचा शाळेचा दाखला. मूळ कागद वाळवीनं खाल्ला, शाळेचं रजिस्टर ओलीनं सडलं. नक्कल उरली ती फक्त माझ्या पोटात.

यंदा ताईंनी खेड्यांत आणखी दोन केंद्रं उघडली. तिथल्या संगणकांवर नेरहून बसल्याजागी काम करता यावं, असं सॉफ्टवेअर त्या शोधत होत्या. एक चांगलं होतं, पण दर महिन्याला पैसे मागायचं. दुसरं स्वस्त होतं, पण एका वेळी एकाच संगणकाला जोडायचं. तेवढ्यात दुरुस्तीवाले बाबाराव पेनड्राइव्ह घेऊन आले. त्या महागड्या सॉफ्टवेअरचीच कुलूप तोडलेली, चोरीची नक्कल. फुकट, आणि तिन्ही संगणकांना चालणारी. ती बसवून त्यांनी तिघांनाही एकच पासवर्ड दिला. वर म्हणाले, तीन-तीन कोण ध्यानात ठेवते? फुकट ते पौष्टिक! माझ्या पंख्याला तेव्हाच घरघर लागली, पण यंत्राला विचारतो कोण?

मग आली खंडेनवमी. ताईंच्या घरची रीत अशी, की पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. सासूबाई हंसाबाई म्हणाल्या, बंद यंत्राची कसली पूजा? म्हणून मला चालू ठेवूनच हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. प्रसादाला लालीबाईही आल्या होत्या.

पहिल्यांदा त्यांनाच दिसलं. पडद्यावरचा बाण हळूहळू सरकत होता. समोर कोणी बसलेलं नव्हतं.

"ताई, तुमचं यंत्र आपल्या मनानं चालून राह्यलं."

ताईंना वाटलं, खेड्यातलं केंद्र सांभाळणारी दीपा असेल. त्यांनी फोन लावला.

"मी तं घरी आहो, ताई," दीपा म्हणाली. "काहून?"

बाण एकेक कप्पा उघडत होता, परक्या माणसानं घरभर हिंडावं तसा. ताईंचा हात वायरीकडे गेला. उपटा, एकदाची उपटा, असं मी मनात म्हणत होतो. पण हंसाबाईंनी टोकलं, पूजेतल्या यंत्राला हात लावू नये. ताईंचा हात मागे आला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. माळेआड तो परका आपलं काम करत राहिला.

सकाळी तिन्ही केंद्रांतले सगळे कागद कुलूपबंद. पडद्यावर एकच ओळ होती, की चावी आता आमच्याकडे आहे. ताईंनी पडद्यावरच लिहून विनवणी केली, तर पलीकडून कोणी बोलेना. बाबारावांनी दुपारपर्यंत खटपट केली, चोर त्या फुकटच्या नकलेतूनच शिरला हे कबूल केलं आणि मान खाली घालून गेले.

आज निकिताच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. लालीबाई सकाळपासून माझ्यासमोर बसून आहेत. ताई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"माया हात वायरीपाशी पोचला होता, लालीबाई. मीच मांगं घेतला."

लालीबाईंनी माझ्या पडद्यावरची सुकलेली माळ बाजूला सारली.

मित्रांनो, स्वस्त शोधा, त्यात पाप नाही. पण चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या देऊ नका. मोलाच्या कागदाची एक नक्कल दुसरीकडे ठेवा. आणि बाण आपोआप सरकला, तर सणवार पाहू नका.

लालीबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कागद हाय का गेला?"

आहे, माय. माझ्याच पोटात आहे. मला तो उघडता येत नाही.