कर्ण न जुळलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. निपाणीजवळच्या एका गावातली, खानापूरच्या सागवानाची. मला तुमची सहानुभूती नको. माझ्यात अजून राग आहे, आणि लाकडात मुरलेला राग वाळवीलाही खाता येत नाही.

१९३८ साली बाबगोंडांनी घर बांधायला काढले. मुहूर्त टळेल या घाईत मला उभे केले, तेव्हा कुणाचा तरी खांदा लागला आणि मी एका बाजूला कलले. बाबगोंडांच्या पत्नी जयाबाई यांनी लगेच हळदकुंकू वाहिले. पुजलेली चौकट हलवत नाहीत. भिंती माझा कल धरूनच वर चढल्या.

दाराची फळी उशिरा आली. ती बसवली त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाची, पायगोंडाची, नवी नवरी पद्मावती माझ्या उंबऱ्यावरून आत आली. दार लागेना.

"हिचा पायगुणच न्हाय," जयाबाई शेजारणींना ऐकवू लागल्या. "लक्ष्मी थांबंल कशी?"

"लक्ष्मीचं ऱ्हाऊ द्या," शेजारची अंबुबाई म्हणाली, "गल्लीतली कुत्री बी न इचारता आत येत्यात की!"

ठरले ते असे: अमावास्येआधी दार लागले नाही, तर सुनेला माहेरी पोचवायचे. कायमचे.

पद्मावती बेळगावच्या शाळेत शिकलेली. एका दुपारी तिने सर्वांसमोर सुतळीने मला मोजले.

"आत्याबाई, बघा. वरची पट्टी आन् उंबरा सारखे. दोन्ही उभ्या बाजू सारख्या. म्हणून हा समांतरभुज चौकोन. पर काटकोन चौकोन व्हायला दोन्ही कर्ण सारखे लागत्यात."

तिने कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून गाठ मारली. मग दुसऱ्या कर्णावर ताणली. गाठ चार बोटे पलीकडे गेली. फळीचे कर्ण मात्र तंतोतंत जुळले.

"फळी सरळ हाय. चौकट कललीया. मी यायच्या आधीच."

माझे खरे रूप प्रथमच कुणी उच्चारले होते.

"पुजलेली चौकट वाकडी म्हनतीस?" जयाबाईंनी सुतळी हिसकावली. "आज चौकट वाकडी, उद्या सासू वाकडी!"

"सासूला कर्ण न्हाईत, आत्याबाई. असते तर मोजले असते."

बायका हसल्या. ते हसू तिला महागात पडले. अमावास्येची वाटही न पाहता दुसऱ्या सकाळी गाडी जुंपली गेली. पायगोंडा बैलांकडे बघत राहिला.

बाबगोंडांनी गाठ कुठे गेली ते पाहिले होते. जयाबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या, तसे त्यांनी नागोजी सुताराला परसातून आत घेतले. मला हात लावायची छाती नव्हती. म्हणून सरळ फळीच एका कडेला छाटली, दुसऱ्या कडेला पट्टी ठोकली आणि माझ्यासारखी तिरपी केली. ढलप्या चुलीत गेल्या.

संध्याकाळी जयाबाईंनी दार ओढले. ते घट्ट लागले.

"बघा," त्या शेजारणींना म्हणाल्या, "गेली आन् दार लागलं."

बाबगोंडा शेजारीच उभे होते.

मित्रांनो, दार लागत नसेल तर आत येणाऱ्या माणसाकडे बोट दाखवू नका. आधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. आणि ते जुळले नाहीत, तर ज्याने पाहिले त्याने ते मोठ्याने सांगावे. मला तोंड नव्हते. बाबगोंडांना होते.