मदतीच्या पानावरचा एक आकडा

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. आता तिसऱ्यांदा बसलोय, तर एका दमात टाईप करून टाकतो.

आमच्या ऑस्टबी गावात, विस्कॉन्सिनमध्ये, कॉम्प्युटर क्लब आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चर्चच्या तळघरात जमतो. चाळीसेक माणसं, बहुतेक रिटायर झालेली. प्रत्येकाच्या घरी नवा कोरा कॉम्प्युटर आणि प्रत्येकाला त्याची धास्ती. क्लबचं चार पानी पत्रक मी काढतो. पोटासाठी टायरच्या दुकानात काम करतो. कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही, उघडून, बिघडवून शिकलो. पहिलं पान माझंच. माउसच्या पोटातला गोळा काढून कसा पुसायचा, फाइल फ्लॉपीवर कशी ठेवायची, महिन्याभरात इंटरनेटवर मला काय सापडलं. एकदा तर जुन्या ट्रॅक्टरचे पार्ट विकणारा माणूस शोधला होता, थेट नेब्रास्कातला. कुणी साधं ‘वा’ म्हटलं नाही.

शेवटच्या पानावर मदतीची यादी. अडलं तर कुणाला फोन करायचा ते. नावं दोनच, कर्टिस आणि मी. घरचे नंबर, वेळ संध्याकाळी सात ते नऊ.

कर्टिस माझा शाळेपासूनचा मित्र. दुधाचा टँकर चालवतो. पत्रकात एक ओळ लिहीत नाही. आणि फोन मात्र सगळे त्याला! एकदा सातला त्याच्याकडे गेलो, तर तासाभरात चारदा वाजला. रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणतो, “तुलाही असंच होतं का रे? जेवू देत नाहीत लेकाचे.”

“हो ना,” म्हटलं. “डोकं खातात.”

माझा फोन वाजतच नव्हता. कधीच.

मीटिंगला आर्डिसबाई त्याच्यासाठी डब्यात लेफ्से आणायच्या, म्हणजे नॉर्वेकडच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून, गुंडाळ्या करून. पंचाहत्तरीच्या बाई. मला म्हणायच्या, “तुझं पत्रक छान असतं हो.” लेफ्से त्याला. मी हसून कॉफी प्यायचो आणि आतून असा जळायचो की तळघराला हीटर लागला नसता.

सप्टेंबरचा अंक टाईप करताना कर्टिसच्या नंबरातला शेवटचा चार मी सात केला. बस, एक आकडा. लोक त्याला फोन करतील, तो लागणार नाही, मग खालचं नाव बघतील. खालचं नाव माझं. कुणी विचारलंच तर म्हणायचं, बोट घसरलं.

मग रोज सातला नेहमीसारखा मशीनपाशी बसायचो, फक्त आता फोन हाताशी ठेवून. बसल्या बसल्या इंटरनेटवर पुढच्या अंकासाठी काहीबाही शोधत राहायचो. एक आठवडा, दोन, तीन. कुणी म्हणजे कुणी फोन केला नाही.

एक दिवस कर्टिस टँकर घेऊन थेट दुकानात आला. “ड्वेन, यादीतून माझं नाव काढ.”

“का रे?”

“तीन आठवडे फोन नाही. ऑगस्टमध्ये आर्डिसबाईंची फाइल माझ्या हातून उडाली ना, गावभर झालं असणार. कोण विचारणार मला आता? मी क्लब सोडतो.”

मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहायला नको वाटत होतं, पण वाटलं खरं. मग त्याचा चेहरा बघितला. “मंगळवारी ये तर,” एवढंच म्हणालो.

मंगळवारी तो आला, मागच्या खुर्चीत बसला. आर्डिसबाई उभ्या राहिल्या. हातात कागदांचा गठ्ठा.

“नॉर्वेतल्या चुलत बहिणीनं आजोबांच्या घराचा फोटो पाठवलाय. ही बहीण मला इंटरनेटवर सापडली, साठ वर्षांनी. आणि फोटो उघडला तर ही नुसती अक्षरं! चौदा पानं छापली, वाटलं शेवटी तरी घर दिसेल.” हशा. “पाच दिवस रोज संध्याकाळी फोन लावला. कर्टिस, तुझा नुसता वाजतो. दिवसा केला, तर म्हणे दाताचा दवाखाना!”

कर्टिसनं मान वर केली.

“आणि तू रे ड्वेन? सातला एंगेज, आठला एंगेज, पावणेनऊला एंगेज. एवढं कुणाशी गुलुगुलू बोलतोस?”

“बोलतोय कसला!” व्हर्नन म्हणाला, आमचा अध्यक्ष. “इंटरनेटवर असतो तो. फोनच्याच तारेवरून. वर नंबराआधी स्टार सत्तर लावून बसत असेल. त्यानंच नाही का छापलं होतं, मधे कुणाचा फोन घुसू नये म्हणून?”

तळघर हसून हसून फुटायचं बाकी राहिलं. माझीच युक्ती. वर्षभर सात ते नऊ मी माझंच दार आतून लावून बसलो होतो आणि बाहेर कुणी का येत नाही म्हणून जळत होतो.

सगळ्यात मोठ्यानं कर्टिस हसला. मग त्यानं पत्रक उलटलं आणि शेवटचं पान बराच वेळ बघितलं.

बाहेर गाड्यांपाशी त्यानं मला गाठलं. “हा सात कुठून आला?”

बोट घसरलं, असं तोंडाशी आलं होतं. “मी केला,” म्हटलं.

“मुद्दाम?”

“तुला फोन येतात म्हणून. लेफ्से येतात म्हणून.”

“लेफ्सेसाठी?” तो हसला नाही. “गाढवा, मागितला असतास तर अर्धा दिला असता. तीन आठवडे मला वाटत होतं, गावानं मला टाकलंय.”



तो टँकरच्या चाकाला बुटाचं टोक मारत उभा राहिला. मग म्हणाला, “गुरुवारी बाईंकडे जातोय. त्या अक्षरांचा फोटो करायला. तू पण चल.”

बोलावलं होतं त्याला, मला नाही. तेव्हासुद्धा टोचलंच. “मी येऊन काय करू?”

“फोटो मी उघडतो. आकडा कुणी बदलला ते तू सांगायचं. पुढच्या अंकात बिंकात नाही, तोंडानं. त्यांच्यासमोर.”

“फार बोलतील रे त्या.”

“बोलू देत की.”

“येतो,” म्हटलं. “शपथ. दारातच सांगतो, कोट काढायच्या आधी. फक्त मला सावरून घ्यायला तू मधे बोलू नकोस.”